भारतात आश्रयाचा अर्ज कसा चालतो: मदत करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पुण्यातील महाविद्यालयांत अफगाणिस्तान, येमेन, सुदान, इराण अशा देशांतील विद्यार्थी अनेक वर्षांपासून शिकत आले आहेत. त्यांपैकी काहींच्या मायदेशाची परिस्थिती शिक्षण सुरू असतानाच अशी पालटते, की पदवी हातात पडूनही परत जाणे जिवावर बेतू शकते. असा विद्यार्थी सहसा आधी वकिलाकडे जात नाही. तो महाविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात, एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा घरमालकाकडे जातो. या मंडळींना काय करता येईल आणि काय मुळीच करू नये, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. प्रत्येक प्रकरणात जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावाच. परंतु वकिलापर्यंत पोहोचण्याआधीच्या काही आठवड्यांत पुष्कळ काही बिघडते किंवा सावरते, आणि ते आठवडे मदत करणाऱ्याच्या हाती असतात.

माझे मुख्य सांगणे एकच आहे. आश्रयाचा अर्ज तरतो तो अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनावर. ते खरे, सविस्तर आणि तारीखवार असेल, तर हाती कागद कमी असले तरी चालते. ते विस्कळीत असेल, तर कागदांचा गठ्ठाही उपयोगी पडत नाही. पुढील सर्व टप्पे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कायद्याची चौकट

निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि त्याच्या 1967 च्या पूरक करारावर भारताने सही केलेली नाही, आणि आश्रयासाठी देशात स्वतंत्र कायदाही नाही. परदेशी नागरिकांना लागू होणारा कायदा म्हणजे 1 सप्टेंबर 2025 पासून अमलात आलेला इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, 2025. त्याने 1946 च्या परदेशी नागरिक कायद्यासह चार जुने कायदे रद्द केले. या कायद्यात निर्वासित असा वेगळा वर्ग नाही. वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना प्रवेश केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद, 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 3 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आश्रय द्यायचा की नाही हा निर्णय आपल्याकडे पूर्वीपासून शासनाच्या आदेशांनी होत आला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, तेही अशाच आदेशांच्या आधारे. तेव्हा तर 1951 चा करार अस्तित्वातच नव्हता. आदेशावर मिळालेला आश्रय माणुसकीचा असू शकतो, पण तो हक्क म्हणून मागता येत नाही, आणि आजच्या अर्जदाराची सगळी अडचण याच जागी आहे.

न्यायालयांनी ही पोकळी थोडीफार भरून काढली आहे. पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचल प्रदेशात राहिलेल्या चकमा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले, की राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्या व्यक्तीलाही आहे. मे 2021 मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधील लष्करी उठावानंतर सीमा ओलांडून आलेल्या सात जणांना दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे दाद मागण्यासाठी सुरक्षित प्रवासाची मुभा दिली. मात्र त्याच्याच महिनाभर आधी, 8 एप्रिल 2021 रोजी, जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत पाठवण्यास मनाई केली नाही. विहित कार्यपद्धती पाळल्याखेरीज पाठवू नये, एवढेच सांगितले. मदत करणाऱ्याने अर्जदाराला या दोन्ही बाजू सांगाव्यात, कारण खोटा दिलासा मिळालेला माणूस पुढे व्हिसाच्या मुदतीकडे दुर्लक्ष करतो.

कोणत्या कार्यालयाकडे जायचे

भारतात सर्वांसाठी एक अर्ज आणि एक कार्यालय नाही, त्यामुळे पहिले काम म्हणजे योग्य ठिकाण ओळखणे.

तिबेटी निर्वासितांची व्यवस्था केंद्र सरकार स्वतः पाहते. त्यांना नोंदणी प्रमाणपत्र मिळते, त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते, आणि परदेश प्रवासासाठी वेगळे ओळख प्रमाणपत्र दिले जाते. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नॉर्गेलिंग वसाहतीतील तिबेटी कुटुंबे याच व्यवस्थेखाली येतात. श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांचे कामही सरकारच पाहते आणि ते प्रामुख्याने तमिळनाडूतील शिबिरांतून चालते.

पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेश येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्ती 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आल्या असतील, तर त्यांना 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली थेट नागरिकत्वासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. त्याचे नियम 11 मार्च 2024 रोजी अधिसूचित झाले. त्यानंतर आलेल्यांचा मार्ग दीर्घ मुदतीच्या व्हिसावरून जातो. नागपूर आणि उल्हासनगर येथील सिंधी समाजातील अनेक कुटुंबांना ही वाट परिचयाची आहे, आणि डिसेंबर 2016 मध्ये नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे येथील जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जांविषयीचे काही अधिकार देण्यात आले होते. 2025 च्या एका सूट आदेशानुसार याच समुदायांतील जे लोक 31 डिसेंबर 2024 पर्यंत कागदपत्रांविना आले, त्यांना त्या कारणासाठी शिक्षा होत नाही. परंतु त्या सवलतीने नागरिकत्व मिळत नाही, हे अर्जदाराला नीट समजावून द्यावे.

उरलेल्या बहुतेकांसाठी, म्हणजे अफगाणिस्तानातील हजारा मुस्लीम, म्यानमारमधील चिन व रोहिंग्या, तसेच सोमालिया, सुदान, येमेन, इराण येथील व्यक्तींसाठी, संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालय म्हणजेच यूएनएचसीआर हे ठिकाण आहे. भारतातील त्याचे मुख्य कार्यालय नवी दिल्लीत असून चेन्नई येथेही एक कार्यालय आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या अर्जदाराला महत्त्वाच्या टप्प्यांवर दिल्लीला जाण्याची तयारी ठेवावी लागते, आणि या खर्चाचा व सुट्ट्यांचा विचार आधीच करावा.

निवेदनाची तयारी

प्रत्येक टप्प्यापेक्षा येथे अधिक वेळ द्यावा. पहिल्या बैठकीत काहीही लिहून न घेता अर्जदाराला त्याच्या ओघाने बोलू द्यावे. दुसऱ्या बैठकीत एका कोऱ्या कागदावर उभी रेघ मारून डावीकडे काळ आणि उजवीकडे घटना, असा तक्ता करावा: जन्म, शाळा, नोकरी, पहिली धमकी, पहिला हल्ला, घर सोडणे, देश सोडणे, भारतात प्रवेश. ज्या तारखा आठवत नाहीत त्या ओढूनताणून लिहू नयेत. "रमजान संपल्यावर", "धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी" अशा खुणा तशाच नोंदवाव्यात. अंदाजाने दिलेली अचूक तारीख पुढे चुकीची ठरते, तर प्रामाणिक खूण कधीच अडचणीत आणत नाही.

कालगणनेचा घोळ हे चांगले अर्ज फेटाळले जाण्याचे एक फार दुर्लक्षित कारण आहे. अफगाणिस्तान आणि इराणमध्ये सौर हिजरी वर्ष वापरतात, ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. घाईत असलेला दुभाषी वर्षात 621 मिळवून मोकळा होतो. आता समजा, अर्जदार म्हणाला की त्याच्या भावाला 1399 च्या हूत महिन्यात उचलून नेले. 1399 मध्ये 621 मिळवले की 2020 येते. प्रत्यक्षात हूत हा वर्षाचा शेवटचा महिना आहे आणि 1399 चा हूत फेब्रुवारी-मार्च 2021 मध्ये पडतो. नोंदणीत 2020 लिहिले गेले, मुलाखतीत अर्जदाराने "काबूल पडण्याच्या पाच-सहा महिने आधी" असे सांगितले, तर काबूल 15 ऑगस्ट 2021 रोजी पडल्यामुळे दोन विधानांत वर्षभराचा फरक दिसतो आणि तो अर्जदाराच्या माथी येतो. इथिओपियाचे पंचांगही आपल्या कालगणनेच्या सात ते आठ वर्षे मागे चालते. म्हणून तक्त्यात मूळ कालगणनेतील महिना व वर्ष आधी लिहावे, रूपांतर त्याच्या शेजारी लिहावे, आणि मुलाखतीतही अर्जदाराने तारखा आपल्याच कालगणनेत सांगाव्यात.

नावांच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. अनेक अफगाण व्यक्तींना आडनाव नसते. पासपोर्टवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि व्हिसावर तिसरेच स्पेलिंग असते. या सर्व रूपांची यादी करून ती सुरुवातीलाच द्यावी.

कागदपत्रे नसतील तर अर्ज अडत नाही. पळून आलेल्या माणसाकडे दाखले असतीलच असे नाही, हे अधिकाऱ्यांनाही ठाऊक असते. जे आहे ते मात्र जपून ठेवावे: धमकीचे संदेश, रुग्णालयाचे कागद, नातेवाइकांनी पाठवलेली छायाचित्रे, जुने ओळखपत्र. मोबाइलमधील संदेशांची छायाचित्रे काढताना पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि दिनांक दिसला पाहिजे. मूळ कागद कोणत्याही मध्यस्थाच्या हवाली करू नयेत.

मध्यस्थांचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट लिहिले पाहिजे. यूएनएचसीआरची नोंदणी, मुलाखत, ओळखपत्र आणि अपील यांपैकी कशासाठीही शुल्क नाही. पैसे घेऊन तयार कहाणी विकणारे लोक अर्जदाराच्या खऱ्या भीतीवर धंदा करतात. विकत घेतलेली कहाणी दहा जणांनी सांगितलेली असते, आणि ती उघडी पडली की अर्जदाराच्या खऱ्या अनुभवावरचा विश्वासही उडतो.

दूतावासाशी संपर्क

महाविद्यालये आणि बँका पासपोर्टचे नूतनीकरण करून आणण्याचा आग्रह सहजपणे धरतात. ज्याला स्वतःच्या सरकारकडूनच धोका आहे, अशा माणसासाठी दूतावासात जाणे म्हणजे आपला ठावठिकाणा कळवणे होय. शिवाय पासपोर्ट नव्याने काढून घेणे हे त्या सरकारचे संरक्षण पुन्हा स्वीकारल्याचे लक्षण मानले जाऊ शकते, आणि मायदेशी एखादी फेरी मारून आल्यास तर भीतीच्या दाव्याला मोठाच तडा जातो. म्हणून हा आग्रह धरण्याआधी महाविद्यालयाने अर्जदाराला वकिलाशी बोलण्यास अवधी द्यावा. व्हिसासाठी वैध पासपोर्ट लागतो हे खरे आहे आणि त्यामुळे पेच खराच आहे. पण तो अर्जदाराने सल्ला घेऊन सोडवावा, कार्यालयाच्या सक्तीने नव्हे.

नोंदणी

नोंदणीची विनंती कशी पाठवायची याची चालू पद्धत यूएनएचसीआरच्या भारतासाठीच्या मदत संकेतस्थळावर दिलेली असते. ती पाहूनच निघावे, ऐकीव माहितीवर दिल्लीची गाडी पकडू नये. ठरलेल्या दिवशी कुटुंबातील सर्व सदस्य प्रत्यक्ष हजर असावे लागतात. प्रत्येकाची माहिती, छायाचित्र आणि बोटांचे ठसे व डोळ्यांची प्रतिमा अशी जैविक ओळख घेतली जाते, आणि देश का सोडला याचे थोडक्यात उत्तर नोंदवले जाते.

हे थोडक्यात उत्तर पुढील मुलाखतीशी ताडून पाहिले जाते, म्हणून त्यात मुख्य कारण आलेच पाहिजे. "तिथे युद्ध आहे" एवढेच सांगून आलेला माणूस पुढे मुलाखतीत आपल्याला नाव घेऊन धमकी आल्याचे सांगतो, तेव्हा ही गोष्ट आधी का सांगितली नाही असा प्रश्न साहजिकच येतो. कुटुंबातील कोणी सध्या सोबत नसले, तरी पती, पत्नी आणि सर्व मुलांची नावे याच वेळी नोंदवावीत. नंतर कुटुंब एकत्र आणताना याच नोंदीचा आधार लागतो. स्त्रियांना स्वतःचे वेगळे कारण असू शकते, उदाहरणार्थ सक्तीचे लग्न किंवा घरातील हिंसा, आणि ते पतीसमोर सांगणे अवघड असते. स्वतंत्रपणे, स्त्री अधिकारी व स्त्री दुभाष्यासमोर बोलण्याची मागणी करता येते. आईवडिलांविना आलेले मूल, आजारी व्यक्ती, गर्भवती स्त्री किंवा छळ सोसलेली व्यक्ती असल्यास तेही याच वेळी सांगावे, म्हणजे प्रकरणाला प्राधान्य मिळण्याची शक्यता वाढते.

नोंदणीनंतर अर्ज विचाराधीन असल्याचा कागद किंवा ओळखपत्र मिळते. त्याची मुदत पाहून ठेवावी आणि पत्ता किंवा फोन क्रमांक बदलल्यास लगेच कळवावे. मुलाखतीचा निरोप जुन्या क्रमांकावर गेला आणि अर्जदार हजर झाला नाही, तर प्रकरण बंद होऊ शकते.

व्हिसा आणि स्थानिक नोंदणी चालू ठेवणे

यूएनएचसीआरकडील अर्जामुळे भारताचा व्हिसा आपोआप वाढत नाही. विद्यार्थी व्हिसा शिल्लक असेल, तर त्याची मुदतवाढ परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या (एफआरआरओ) ई-एफआरआरओ या संकेतस्थळावरून वेळेत मागावी. पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयातील परकीय नागरिक नोंदणी विभागाशी आणि मुंबईत एफआरआरओ कार्यालयाशी संबंधित असते. महाविद्यालयाने परदेशी विद्यार्थ्याच्या माहितीचा फॉर्म (जुना एस फॉर्म) आणि घरमालकाने परदेशी भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म (जुना सी फॉर्म) भरलेला असणे भाडेकरूच्याही हिताचे असते, कारण कायदेशीर वास्तव्याची साखळी त्यातून दिसते. परदेशी भाडेकरूची माहिती 24 तासांत कळवणे घरमालकावर बंधनकारक आहे. हा फॉर्म भरण्याच्या कटकटीपायी घर नाकारणाऱ्या मालकांना मी आवर्जून सांगेन, की तो ऑनलाइन भरता येतो आणि त्याला फार वेळ लागत नाही.

मुलाखत

नोंदणी आणि मुख्य मुलाखत यांच्यामध्ये अनेक महिने, काही वेळा वर्षेही जातात. या काळात तक्ता अधूनमधून वाचावा, पण निवेदन पाठ करू नये. पाठ केलेले बोलणे मध्येच प्रश्न आला की तुटते.

मुलाखतीत एक अधिकारी आणि एक दुभाषी असतो, आणि ती काही तास चालू शकते. सुरुवातीला अधिकारी सांगतो, की येथील माहिती अर्जदाराच्या मायदेशाच्या सरकारला दिली जात नाही. दुभाष्याची भाषा नीट कळते का हे तेव्हाच तपासावे. दरी बोलणाऱ्याला पश्तूचा, किंवा हाखा बोलणाऱ्या चिन माणसाला केवळ बर्मीजचा दुभाषी मिळाला असेल, तर संकोच न करता तेथेच सांगावे. अर्ध्या तासानंतर तक्रार केली, तर तोपर्यंतची उत्तरे तशीच नोंदली गेलेली असतात. ठरावीक अटींवर कायदेशीर प्रतिनिधी सोबत बसू शकतो. दिल्लीत यूएनएचसीआरच्या सहयोगी संस्था मोफत कायदेशीर मदत देतात; त्यांच्याशी मुलाखतीच्या बऱ्याच आधी संपर्क साधावा.

अधिकारी बारीकसारीक प्रश्न विचारतो: धमकी देणारे किती जण होते, त्यांनी नेमके कोणते शब्द वापरले, दार कोणी उघडले, त्यानंतर त्या रात्री झोपायला कुठे गेलात. हे अविश्वासाचे लक्षण समजू नये. खरा अनुभव अशाच तपशिलांतून ओळखला जातो. उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही" आणि आठवत नसेल तर "आठवत नाही" असे सांगावे. छळ सोसलेल्यांची स्मृती अनेकदा तुटक असते. तशा वैद्यकीय किंवा मानसोपचाराच्या नोंदी असतील तर त्या आधी सादर कराव्यात. विसंगती दाखवून दिली गेली, तर तिचे स्पष्टीकरण देण्याची संधी मागावी. थकवा आल्यास विश्रांती मागता येते.

जे पूर्वी सैन्यात, पोलिसांत किंवा सशस्त्र गटात होते, त्यांनी ते लपवू नये. युद्धगुन्हे किंवा गंभीर बिगरराजकीय गुन्हे केलेल्यांना निर्वासित दर्जा नाकारण्याची तरतूद आहे, म्हणून अशा व्यक्तींना जास्त प्रश्न विचारले जातात. नुसती नोकरी केली म्हणून कोणी अपात्र ठरत नाही, परंतु लपवलेली नोकरी पुढे उघड झाली की संपूर्ण निवेदनावर सावट येते.

निर्णय कसा तोलला जातो

वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत, या पाचांपैकी एका कारणाने छळ होण्याची साधार भीती आहे का, हा मूळ प्रश्न असतो. पुराव्याची अपेक्षा फौजदारी खटल्याइतकी कठोर नसते. परत गेल्यास धोक्याची वाजवी शक्यता आहे एवढे दिसावे लागते. निवेदनातील सुसंगती, तपशील आणि त्या देशाविषयीची उपलब्ध माहिती यांचा मेळ पाहिला जातो. त्यानंतर दोन प्रश्न हमखास येतात: तेथील पोलीस संरक्षण देऊ शकतील का, आणि त्याच देशाच्या दुसऱ्या भागात सुरक्षितपणे राहता येईल का. या दोहोंची उत्तरे अर्जदाराने आधी विचार करून ठेवावीत. "सगळीकडे तीच परिस्थिती आहे" असे मोघम उत्तर न देता, दुसऱ्या शहरात आपल्याला कोण आणि कसे ओळखेल, हे सांगावे.

देश सोडताना भीती नव्हती, ती नंतर निर्माण झाली, तरीही माणूस निर्वासित ठरू शकतो, आणि पुण्यातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा मुद्दा फार मोलाचा आहे. समजा, एक अफगाण मुलगी 2019 मध्ये पदवीसाठी येथे आली. ऑगस्ट 2021 मध्ये सत्ता पालटली आणि डिसेंबर 2022 मध्ये तालिबानने विद्यापीठे स्त्रियांसाठी बंद केली. ती विद्यार्थी व्हिसावर विमानाने आली, म्हणून तिचा दावा कमकुवत होत नाही. तिने निवेदनात परिस्थिती कधी आणि कशी बदलली, भारतात असताना तिने काय लिहिले किंवा केले, आणि परतल्यावर तिच्या वाट्याला काय येईल, हे मांडायचे असते.

केवळ युद्धामुळे पळालेल्या व्यक्तीची भीती त्या पाच कारणांत बसत नसली, तरी यूएनएचसीआर आपल्या व्यापक अधिकारकक्षेत सरसकट हिंसाचारामुळे जीव धोक्यात आलेल्यांचाही विचार करते. एप्रिल 2023 नंतरच्या सुदानमधील विद्यार्थ्यांनी म्हणून अर्ज करण्याआधीच हार मानू नये. निव्वळ चांगल्या रोजगाराची इच्छा मात्र कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

नकार आणि अपील

नकाराचे पत्र मिळाल्यावर अपीलासाठी साधारणपणे 30 दिवस मिळतात. पत्र हाती पडल्याच्या दिवशीच त्यावर तारीख लिहून ठेवावी. अपील दुसरा अधिकारी तपासतो. "मी खरे बोललो" एवढेच पुन्हा लिहिलेल्या अपीलाचा फायदा होत नाही. पत्रातील प्रत्येक कारण एकेक करून घ्यावे: कोठे भाषांतर चुकले, कोणते विधान चुकीचे समजले गेले, कोणता नवा पुरावा आता मिळाला आहे. अपील फेटाळले गेले तर प्रकरण बंद होते. परंतु मायदेशातील परिस्थिती बदलली किंवा आधी देता न आलेली महत्त्वाची माहिती पुढे आली, तर ते पुन्हा उघडण्याची विनंती करता येते.

दर्जा मिळाल्यानंतर

मान्यता मिळाल्यावर निर्वासित ओळखपत्र दिले जाते, आणि बहुधा पती-पत्नी व अवलंबून असलेल्या मुलांनाही त्याचा लाभ मिळतो. हे कार्ड माणसाला संरक्षणाची गरज आहे असे सांगते, पण भारतीय कायद्याच्या दृष्टीने ते व्हिसा ठरत नाही. त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 29 डिसेंबर 2011 च्या कार्यपद्धतीचा आधार घ्यावा लागतो. ही कार्यपद्धती मार्च 2019 मध्ये सुधारली गेली. तिच्यानुसार दावा सकृद्दर्शनी योग्य वाटल्यास राज्य सरकार सुरक्षा तपासणीनंतर दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करते आणि अंतिम निर्णय गृह मंत्रालय घेते. तिच्यात छळाच्या कारणांत लिंग आणि वांशिक ओळख यांचाही स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणून स्त्री अर्जदाराने ते शब्द अर्जात जरूर आणावेत. हा व्हिसा एका वर्षासाठी असतो, दरवर्षी वाढवून एकंदर पाच वर्षांपर्यंत नेता येतो, आणि त्यावर खासगी क्षेत्रात नोकरी व शिक्षण घेता येते. प्रत्यक्षात अनेक अर्ज दीर्घकाळ प्रलंबित राहतात. त्यामुळे अर्ज केल्याची पोच आणि त्यानंतरचा सर्व पत्रव्यवहार एका फाइलमध्ये ठेवावा.

केवळ यूएनएचसीआरच्या ओळखपत्रावर आधार कार्ड काढता येत नाही, आणि बँक खाते, सिम कार्ड, घरभाडे यांची बहुतेक अडचण तेथूनच सुरू होते. सरकारी शाळा आणि सरकारी रुग्णालये मात्र खुली असतात. शाळेने दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवले, तर शिक्षण हक्क कायद्याचा उल्लेख करून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा.

पोलिसांनी अडवल्यास

कार्डाची प्रत आणि वकिलाचा क्रमांक नेहमी सोबत असावा. अटक झाली, तर राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदानुसार 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया आणि मुले यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो; जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे कोणीही हितचिंतक अर्ज देऊ शकतो. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: परदेशी नागरिकाला अटक झाली, की त्याच्या दूतावासाला कळवायचे का असे विचारले जाते. आश्रय मागणाऱ्याने, आपल्याला तसे नको आहे आणि आपण आश्रयाचा अर्ज केला आहे, असे स्पष्टपणे सांगून ते लिहून घ्यायला लावावे. त्याच वेळी मदत करणाऱ्याने यूएनएचसीआर आणि वकील या दोघांनाही कळवावे.

दुसऱ्या देशात पुनर्वसन

निर्वासित दर्जा मिळाला म्हणजे कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला पाठवणी होते, असा समज सर्वदूर आहे. पुनर्वसनासाठी नावे यूएनएचसीआर पुढे करते, पण निवड तो तो देश करतो, जागा फार थोड्या असतात, आणि त्यावर कोणाचा हक्क नसतो. यासाठी पैसे मागणारा माणूस फसवणूक करतो आहे, असेच समजावे. काही देशांत खासगी प्रायोजकत्व किंवा विद्यार्थी योजनांतून जाण्याच्या वेगळ्या वाटा आहेत. त्यांचा शोध पदवीधर निर्वासिताने स्वतंत्रपणे घ्यावा.

निवड झाली तरी भारत सोडण्यासाठी एफआरआरओकडून निर्गमन परवाना घ्यावा लागतो, आणि व्हिसा संपल्यानंतरच्या काळासाठी दंड आकारला जाऊ शकतो. प्रवेशाचा शिक्का, नोंदणीच्या पोचपावत्या, जुने व्हिसा आणि यूएनएचसीआरची पत्रे क्रमाने लावलेली फाइल याच वेळी कामाला येते. परवान्याचा अर्ज तिकिटाच्या तारखेच्या पुरेसा आधी करावा, आणि दंडाचा प्रश्न असल्यास वकिलामार्फत माफीची विनंती त्याच अर्जासोबत जोडावी.